बाळाची त्वचा : सल्ला कोणासाठी?

‘बाळाची त्वचा अतिशय नाजूक असते’ हे वाक्य आपण सर्वांनी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याचा अर्थ काय हे विचारण्याची गरजच कोणाला वाटत नाही. या वाक्यापाठोपाठ एक ठराविक यादी येते. रोज आंघोळ घालावी, सौम्य साबण वापरावा, रोज तेलाने मालिश करावी, अंग पुसल्यावर पावडर लावावी, मग मलम, मग मऊ कपडे. जाहिरातींतून ही यादी येते, बाळंतपणावरील पुस्तकांतून येते, आणि अनेकदा आरोग्याच्या भिंतीपत्रकांतूनही येते. या लेखात आम्ही या यादीची तपासणी करणार आहोत. तपासणीची जागा मात्र शहरातील न्हाणीघर नाही. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांतील कुडाच्या घरात आम्ही ही यादी नेऊन पाहणार आहोत.

हीच जागा का? पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्यापूर्वी हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यूंमुळे तोच प्रश्न पुन्हा पुढे आला. या बातम्यांत ‘कुपोषण’ हा शब्द होता, आणि तो खराही होता. परंतु कुपोषणाची सुरुवात पुष्कळदा जन्माच्या आधी, आईच्या पोटात होते. आई अशक्त असेल तर बाळ कमी वजनाचे जन्मते. २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाला आपण कमी वजनाचे म्हणतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वजन नोंदलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळे या गटात होती. अशा बाळाच्या बाबतीत त्वचेची निगा हा सौंदर्याचा विषय राहत नाही. तो बाळाच्या जगण्याचा विषय होतो. म्हणून सल्ला पारखायचा तर तो या बाळावर पारखला पाहिजे.

त्वचा काय काम करते?

शालेय पुस्तकांत त्वचेची ओळख प्रामुख्याने स्पर्शाचे ज्ञानेंद्रिय आणि शरीराचे आवरण अशी करून दिलेली असते. आकृतीत बाह्यत्वचा, अंतस्त्वचा, घर्मग्रंथी, केसाचे मूळ असे सर्व भाग असतात. ही आकृती मोठ्या माणसाच्या त्वचेची आहे हे मात्र कोठे सांगितलेले नसते. आश्रमशाळेतील सातवी-आठवीची कितीतरी मुले-मुली सुटीत घरी गेल्यावर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडतात. त्यांच्यासाठी ही आकृती अपुरी आहे.

नवजात बाळाच्या त्वचेवर तीन मोठी कामे असतात. पहिले काम शरीरातील पाणी बाहेर जाऊ न देण्याचे. त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत पेशींचा थर आणि पेशींमधील स्निग्ध पदार्थ मिळून हे काम करतात. विटांच्या भिंतीत चुना भरलेला असावा तशी ही रचना असते. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळात हा थर पातळ असतो. त्यामुळे पाणी सतत वाफेच्या रूपाने निसटत राहते. दुसरे काम जंतूंना अडवण्याचे. जन्माच्या वेळी त्वचेचा सामू उदासीनच्या, म्हणजे ७ च्या, जवळपास असतो. पुढील काही दिवसांत व आठवड्यांत तो ५ ते ५.५ च्या आसपास येतो. ही सौम्य आम्लता अनेक उपद्रवी जंतूंना मानवत नाही. शिवाय वरच्या थरातील स्निग्ध पदार्थ तयार करणारी विकरेही आम्लधर्मी वातावरणात चांगली काम करतात. तिसरे काम ऊब राखण्याचे. ते समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल.

बाळ जन्मते तेव्हा त्याच्या अंगावर पांढरट, चिकट लेप असतो. त्याला व्हर्निक्स म्हणतात. त्यात सुमारे ८० टक्के पाणी आणि उरलेल्यात प्रथिने व स्निग्ध पदार्थ असतात. जंतूंना मारक ठरणारे लायसोझाइमसारखे पदार्थही त्यात असतात. बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही मलमापेक्षा हा लेप बाळाच्या त्वचेला अधिक अनुरूप आहे. आपल्याकडे मात्र त्याला घाण समजून तो घासून काढण्याची घाई होते.

आंघोळीचे गणित

एक ग्रॅम पाण्याची त्वचेवरून वाफ होण्यासाठी सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. शरीराची विशिष्ट उष्णता सुमारे ०.८३ धरली, तर दोन किलो वजनाच्या बाळाचे तापमान एक अंशाने बदलण्यास सुमारे १,६६० कॅलरी पुरतात. आता बाळाच्या अंगावर आणि ओल्या केसांत मिळून दहा ग्रॅम, म्हणजे दोन चमचे पाणी राहिले, आणि त्याच्या वाफेसाठी लागणारी सर्व उष्णता बाळाच्या शरीरातूनच गेली असे माना. ५,८०० कॅलरी गेल्या. तापमान साडेतीन अंशांनी उतरेल! प्रत्यक्षात काही उष्णता हवेतूनही येते आणि बाळ स्वतःही थोडी ऊब निर्माण करते, म्हणून घट इतकी होत नाही. पण धोका कोठे आहे ते या आकड्यावरून कळते. तेच दोन चमचे पाणी ५० किलो वजनाच्या आईच्या अंगावर असेल तर हिशेब एका अंशाच्या सातव्या भागाइतका येतो.

याला आणखी एक कारण जोडले जाते. वस्तू जितकी लहान तितके तिच्या वजनाच्या मानाने पृष्ठफळ जास्त. नवजात बाळाला दर किलो वजनामागे मोठ्या माणसाच्या अडीच ते तीन पट त्वचा असते. म्हणजे ऊब बाहेर जाण्याचे दार मोठे आणि साठा लहान. मोठ्या माणसासारखे कुडकुडून ऊब तयार करणेही त्याला जमत नाही. कमी वजनाच्या बाळाजवळ तर चरबीची शिल्लकही नसते.

बाळाचे तापमान ३६.५ अंश सेल्सियसच्या खाली जाणे हे धोक्याचे मानतात. थंड पडलेले बाळ दूध नीट ओढत नाही. दूध कमी पडले की ऊब तयार करायला इंधन उरत नाही, आणि ते आणखी थंड पडते. जव्हार हे गाव समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तेथील हिवाळ्यातील पहाट आणि पावसाळ्यातील ओली हवा, कारवीच्या कुडांतून येणारा वारा आणि सारवलेली गार जमीन हे सर्व या गणितात धरले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की जन्मानंतर किमान २४ तास बाळाला आंघोळ घालू नये. बाळ फक्त कोरडे पुसावे, पांढरा लेप तसाच राहू द्यावा, डोके झाकावे आणि आईच्या उघड्या छातीशी ठेवावे. कमी वजनाच्या बाळाला तर वजन पुरेसे वाढेपर्यंत कोमट पाण्यात पिळलेल्या कापडाने भागाभागाने पुसून लगेच कोरडे करणे पुरेसे असते. निरोगी, पूर्ण वाढीच्या बाळालाही रोजची आंघोळ आवश्यक नाही. मान, काखा, जांघा आणि लंगोटाचा भाग रोज स्वच्छ असला म्हणजे झाले.

‘रोज आंघोळ’ या सल्ल्यावर आमचा दुसरा आक्षेप पाण्याचा आहे. या डोंगराळ भागात पावसाळ्यात पाऊस कोसळतो आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते. मोखाडा तालुक्यातच मध्य वैतरणा धरण आहे. त्याचे पाणी मुंबईला जाते. डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणाऱ्या बाळंतिणीला रोजच्या आंघोळीचा सल्ला देणाऱ्याने, ते पाणी कोण आणणार याचे उत्तर आधी द्यायला हवे. सुदैवाने येथे विज्ञान तिच्या बाजूला आहे.

येथे एक गैरसमज मात्र होऊ देऊ नये. साबणाची आणि पाण्याची गरज आहेच. ती सर्वांत जास्त बाळाला उचलणाऱ्यांच्या हातांना आहे. पाणी मोजके असेल तर ते आधी हात धुण्यासाठी वापरावे.

तेल : होय की नाही?

मालिशीबद्दल दोन टोकाची मते आढळतात. एक पक्ष म्हणतो, आजीबाईंचे सर्व योग्यच. दुसरा म्हणतो, सर्व अंधश्रद्धा. पुरावा या दोघांनाही दाद देत नाही.

ढाका येथील शिशु रुग्णालयात बऱ्याच आधी जन्मलेल्या बाळांच्या त्वचेला नियमित सूर्यफुलाचे तेल लावून पाहण्यात आले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग तेल न लावलेल्या बाळांच्या मानाने ४१ टक्क्यांनी कमी आढळले. त्या बाळांची त्वचेची भिंत अपुरी होती आणि तेलाने तिला आधार दिला, असा त्याचा अर्थ लावता येतो. उलट, ब्रिटनमध्ये १,३९४ बाळांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिले वर्षभर रोज मलम लावूनही इसब टळला नाही. त्वचेचे जंतुसंसर्ग मात्र किंचित वाढलेले दिसले. आज जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या वा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तेल लावण्याचा विचार करता येईल असे म्हणते. निरोगी बाळाला केवळ त्वचेच्या संरक्षणासाठी तेल-मलम लावत राहण्याची शिफारस ती करत नाही.

तेल कोणते, हाही प्रश्न आहे. मोहरीच्या तेलाने उंदरांच्या त्वचेची भिंत भरून येण्यास उशीर झाला, तर सूर्यफुलाच्या तेलाने ती लवकर भरून आली, असे प्रयोगात दिसले आहे. सूर्यफुलाच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते, आणि त्वचेतील स्निग्ध थरासाठी ते लागते. जव्हार-मोखाड्याच्या वरकस जमिनीत खुरासणी पिकते. तिच्या तेलातही हे आम्ल मोठ्या प्रमाणात असते. एवढ्यावरून खुरासणीचे तेल बाळाला लावा असे सांगणे घाईचे होईल. परंतु दूरच्या बाटलीबंद तेलाची शिफारस करण्याआधी जवळचे तेल प्रयोगशाळेत तपासायला हवे, एवढे मात्र म्हणता येते.

मालिश ज्या पद्धतीने होते तिच्यावरही बोलले पाहिजे. बाळाला उघडे ठेवून अर्धा तास रगडणे, पिठाने अंगावरची लव घासून काढणे, नाकात-कानात तेल सोडणे, नंतर शेगडीवर धुरी देणे, यांतील प्रत्येक गोष्टीने नुकसान होऊ शकते. घासल्याने वरचा थर खरवडला जातो, नाकातील तेल फुप्फुसात जाऊ शकते, आणि धूर तर कोणाच्याच फुप्फुसाला चांगला नाही. उबदार जागी, हलक्या हाताने, थोडा वेळ केलेली मालिश ही वेगळी गोष्ट आहे.

पावडरीचा वाद

महाराष्ट्रात अलीकडे एक वाद गाजला. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या मुलुंड येथील कारखान्याचा बेबी पावडर बनवण्याचा परवाना रद्द केला. नमुन्यांचा सामू ठरलेल्या मर्यादेबाहेर आहे, असे कारण देण्यात आले. कंपनी न्यायालयात गेली आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रशासनाचे आदेश रद्द केले. दरम्यान, २०२३ पासून जगभर टाल्कऐवजी मक्याच्या स्टार्चची पावडर विकण्याचे कंपनीने जाहीर केले होते.

या सर्व काळात वृत्तपत्रांत सामू, नमुने आणि परवाना यांवर भरपूर लिहिले गेले. बाळाला पावडर मुळात लागते का, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. उत्तर सोपे आहे : लागत नाही. कोरड्या त्वचेला पावडरीने काही मिळत नाही. ओल्या घडीत तिचे गोळे होऊन त्वचा घासली जाते. उडालेली पूड श्वासातून आत जाते, हा खरा धोका आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात पावडरीच्या डब्यावर खर्च झालेले पैसे आईच्या ताटातून कमी होतात. त्वचेच्या दृष्टीनेही तो तोट्याचा व्यवहार आहे.

साबणाचा सामू वर्गात तपासता येतो. गाळणीच्या कागदावर हळदीचे पाणी लावून तो वाळवावा. त्यावर नेहमीच्या साबणवडीचे पाणी टाकले की पिवळा कागद लालसर होतो. लिंबाच्या रसाने तो पुन्हा पिवळा होतो. साबणवडीच्या पाण्याचा सामू साधारण ९ ते १० असतो. बाळाची त्वचा जे आम्लधर्मी आवरण आठवडेभर झटून तयार करते ते अशा साबणाच्या रोजच्या वापराने पुन्हा पुन्हा बिघडते. एवढे एक निरीक्षण जाहिरातीतील ‘सौम्य’ या शब्दापेक्षा अधिक शिकवून जाते.

लंगोट आणि पाऊस

लंगोटाखाली येणारे लाल चट्टे हा सर्वांत सामान्य त्रास. ओलाव्याने त्वचा फुगते, लघवीतून तयार होणाऱ्या अमोनियाने सामू वाढतो, आणि वाढलेल्या सामूमुळे शौचातील विकरे अधिक जोमाने त्वचेवर काम करू लागतात. उपाय या साखळीतच आहे : ओला कपडा लवकर काढणे, साध्या पाण्याने पुसणे, आणि दिवसा उबेत काही वेळ तो भाग उघडा ठेवणे. कपड्यातील साबण नीट निघून जाईल असे धुणेही महत्त्वाचे. जुन्या सुती लुगड्याचे तुकडे यासाठी उत्तम असतात.

पण चार महिने पाऊस असताना हे तुकडे वाळवायचे कोठे? चुलीवरच्या दोरीवर वाळवले तर धूर लागतो. अर्धवट ओले घातले तर बाळ थंड पडते. ‘मऊ सुती कपडे वापरा’ हा सल्ला येथे थांबतो आणि खरी अडचण येथून सुरू होते. प्रसूतीच्या वेळी बाळासाठी कपड्यांचा संच द्यायचा असेल, तर पावसाळ्यात त्यात दुप्पट कपडे असावेत, इतका साधा विचार योजना आखणाऱ्यांनी करायला हरकत नाही.

आईची त्वचा

बाळाच्या त्वचेला सर्वांत चांगले संरक्षण देणारी वस्तू कोणत्याही यादीत नसते. ती म्हणजे आईची त्वचा. १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे एडगर रे या डॉक्टरांनी, उबेच्या पेट्या अपुऱ्या पडत म्हणून, कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवण्यास सुरुवात केली. तीच कांगारू पद्धत. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १ ते १.८ किलो वजनाची ३,२११ बाळे होती. जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केलेल्या गटात पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १२ टक्के होते, तर बाळ स्थिर झाल्यावर ती सुरू केलेल्या गटात १५.७ टक्के. आईच्या छातीशी ऊब मिळते, दूध मिळते, आणि रुग्णालयातील परक्या जंतूंऐवजी आईच्या अंगावरील जंतूंची ओळख होते.

घराघरांतील काळजीने काय साधते हे महाराष्ट्रानेच दाखवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. ऊब, स्वच्छता, स्तनपान आणि जंतुसंसर्गाची वेळीच ओळख हा त्याचा गाभा होता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटी सुरू झाल्या, त्यामागे हा अनुभव होता.

येथे आमचा शेवटचा आक्षेप. कांगारू पद्धत ‘मोफत’ आहे असे म्हटले जाते. ती मोफत नाही. तिला आईचा वेळ लागतो. दिवाळीनंतर कामाच्या शोधात वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबातील बाळंतीण दिवसातून किती तास बाळाला छातीशी धरून बसू शकेल? तिच्याऐवजी पाणी कोण आणेल, स्वयंपाक कोण करील? बाप, आजी, मावशी यांच्या छातीशीही बाळ तितकेच उबदार राहते, ही गोष्ट पुरुषांना आवर्जून सांगितली पाहिजे. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण दिले जाते. ते ताट वेळेवर आणि पोटभर मिळणे हाही बाळाच्या त्वचेच्या निगेचाच भाग आहे, कारण पूर्ण वजनाने जन्मलेल्या बाळाची त्वचा जन्मतःच अधिक समर्थ असते.

शिक्षकांनी काय करावे?

त्वचेचा पाठ शिकवताना तीन सारख्या बाटल्या घ्याव्यात. दोन लहान, एक मोठी. तिन्हींत सारखेच कोमट पाणी भरावे. एक लहान बाटली ओल्या कापडात, दुसरी लहान आणि मोठी कोरड्या कापडात गुंडाळावी, आणि दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवावे. कोणती आधी थंड होते आणि का, हे मुलांनीच सांगावे. मग बाळाचा विषय काढावा. बाळाचे पोट आणि पाय हाताच्या पाठीमागच्या बाजूने कसे चाचपायचे हेही दाखवावे. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार व पाय गार असतील तर बाळाला थंडी बाधू लागली आहे, लगेच छातीशी घ्यावे. दोन्ही गार असतील तर छातीशी धरूनच दवाखाना गाठावा. अंगावर पू भरलेल्या पुटकुळ्या, नाळेभोवती लाली किंवा पू, दूध ओढणे मंदावणे ही लक्षणे दिसली तरी आशाताईंना वा आरोग्य केंद्राला तत्काळ कळवावे. नाळेवर राख, हळद, तेल असे घरचे काही लावू नये, ती कोरडी ठेवावी.

आणि कोणताही सल्ला हाती आला, तर मुलांना चार प्रश्न विचारायला शिकवावे : याने त्वचेच्या कोणत्या कामाला मदत होते? याचा पुरावा कोणत्या बाळांवर मिळाला? यासाठी लागणारे पाणी, पैसा आणि वेळ कोणाचा? आणि हे केले नाही तर काय बिघडेल? पावडर पहिल्याच प्रश्नाला अडते. रोजची आंघोळ तिसऱ्याला अडते. आईची ऊब पहिल्या दोन प्रश्नांना उतरते, चौथ्याचे उत्तर तर आपण आकड्यांतच पाहिले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एकट्या आईने द्यायचे नाही, ते तिच्या घराने, गावाने आणि शासनाने द्यायचे आहे.